आधी उलटी बाजू दाखव

नेपरव्हिल, इलिनॉय
१९ ऑगस्ट

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "दोन दिवसांच्या जत्रेसाठी आठ महिने कोण शिवत बसतं गं?" मी तोंड उघडणार तोच तुझ्याकडे पाहुणे आले आणि फोन ठेवावा लागला. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. फोनवर आटपण्यासारखा तो नाहीच, म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच वाच.

आधी जत्रेबद्दल. इथून उत्तरेला दीडेक तास गेलं की विस्कॉन्सिन राज्य लागतं, आणि हद्दीपलीकडेच केनोशाच्या बाजूला ही जत्रा भरते, ब्रिस्टल रेनेसाँ फेअर, म्हणजे युरोपातल्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या काळाची हौशी नक्कल. जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी. अशा जत्रा अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी भरतात. पहिली १९६३ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात भरली होती. घोड्यावरून भाल्यांची झुंज, गाणंबजावणं, कारागिरांची दुकानं, भाजलेल्या टर्कीच्या तंगड्या, सगळं असतं. पण आमच्या जत्रेचं साल ठरलेलं आहे, १५७४. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिली एलिझाबेथ राणी खरोखरच इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरात आली होती. जत्रेत रोज तोच दिवस उगवतो. बघायला येणारे लोकही त्या काळचा पोशाख करून येतात. त्याला इथे सगळे 'गार्ब' म्हणतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलाला घोडे दाखवायचे, एवढाच बेत होता. एका झाडाखाली एक म्हातारी बाई स्टुलावर बसून भरतकाम करत होती. पांढऱ्या लिननवर काळं रेशीम, बारीक वेल. मी वाकून बघतेय हे पाहून तिने काही न बोलता कापड उलटं केलं. मागे तीच वेल! गाठ नाही, लोंबता दोरा नाही, पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळू नये. चिमे, माझ्या तोंडून एकदम निघालं, "गवंती!"

तुला आजी आठवते ना? धारवाडची माहेरवाशीण, सोलापुरात येऊन पन्नास वर्षं झाली तरी मोजणी कानडीतच करायची. दुपारी ओट्यावर इरकलीच्या पदरावर कशिदा काढायची. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी हे चार टाके आपण दोघींनी तिच्यापुढे बसून शिकलो होतो. तू मेंथीवर थांबलीस, मी गवंतीवर रडले. कारण आपण काही दाखवायला नेलं की ती म्हणायची, "आधी उलटी बाजू दाखव." सुलट बाजू ती बघायचीच नाही.

तर तो गवंतीचाच टाका. इथे त्याला होल्बाइन टाका म्हणतात. हान्स होल्बाइन हा चित्रकार आठव्या हेन्रीच्या दरबारात होता. त्याने १५३६च्या सुमारास जेन सिमूर राणीचं चित्र काढलं, त्यात तिच्या कफांवरचं काळं भरतकाम इतकं स्पष्ट आलंय की लोकांनी टाक्याला त्याचंच नाव दिलं. कफाची झालर उलगडून हातावर पडायची, आतली बाजूही दिसायची, म्हणून टाका दोन्हीकडून सारखा हवा. जाताना एक सोडून एक धावदोरा घालायचा, परतताना त्याच वाटेने येत मोकळ्या जागा भरायच्या. एवढंच. पण वेलीला फांद्या असतात. प्रत्येक फांदीवर चढून परत खोडाशी उतरायचं आणि मग पुढे जायचं. वाट चुकली की दोरा एका टोकाला अडकतो, परतायला जागाच राहत नाही. म्हणून सुईत दोरा ओवण्याआधी सगळी वाट मनात चालून बघावी लागते. इंग्लंडने हे धारवाडकडून घेतलं किंवा उलटं झालं, असं माझं म्हणणं नाही. धागे मोजून दोन्हीकडून दिसणारी रेघ काढायची म्हटलं तर हात शेवटी याच वाटेने जाणार, असं मला वाटतं. पण त्या झाडाखाली मला माझ्या घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या दिवशी घरी परतताना गाडीत मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता पोशाख. मी राणी नाही, सरदारीण नाही, ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याची बायको आहे. जत्रेत कुणी काय घालावं याला बंधन नाही, मी ते स्वतःवर घालून घेतलं. कारण १५ जून १५७४ला, राणीच्या भेटीच्या दोनच महिने आधी, कुणी कोणतं कापड वापरायचं याचं फर्मान निघालं होतं. जांभळं रेशीम, सोन्याच्या तारांचं कापड हे राजघराण्याला आणि अगदी वरच्या उमरावांनाच. मग माझ्या व्यापाऱ्याच्या बायकोने काय घालावं? चांगली लोकर, चांगलं लिनन, आणि स्वतःच्या हाताने करता येईल तितकं भरतकाम. मुलासाठी लोकरीची टोपी विणली, कारण १५७१च्या कायद्याने सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाला रविवारी आणि सणाला इंग्लंडमध्ये बनलेली लोकरीची टोपी घालावीच लागायची, नाहीतर दंड. टोपी करणाऱ्यांचा धंदा वाचावा म्हणून कायदा! विणलेली टोपी गरम पाण्यात मळून मळून आटवली. मुलगा ती आता शाळेतही घालून जातो.

इथल्या ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, "तू भारतीय राजकन्या होऊन का येत नाहीस? सोपं पडेल." त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते पटलं नाही. मला त्या काळच्या ब्रिस्टलमध्येच शिरायचं आहे. शिवाय आपल्या भाषेचा एक धागा तिथे आहेच. शाळेत आपण ज्यांच्या मराठीचं कौतुक ऐकलं ते फादर स्टीफन्स याच मुलखाजवळचे, ब्रिस्टलच्या पूर्वेकडच्या विल्टशायरचे. १५७४ साली ते पंचविशीच्या आसपास होते. पाच वर्षांनी, १५७९मध्ये, गोव्यात उतरले आणि पुढे मराठीत ओव्या रचल्या. गळ्याभोवती चुण्यांची पट्टी घातलेला तरुण स्टीफन्स डोळ्यांपुढे आणते, तेव्हा तो सगळा काळ मला परका वाटेनासा होतो.

अंगाला लागून असतो तो स्मॉक, लिननचा लांब सदरा. त्याची बेतणी पाहून तुला नवल वाटेल. सगळे चौकोन आणि तिरकस कळ्या, बगलेत एक चौकोनी तुकडा, कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. आपल्या जुन्या पैरणीसारखंच. घाम लिनन पितं आणि धुतलं जातं ते लिननच; वरची लोकर कधी धुवायचीच नाही. पहिल्या वर्षी मी लोकरीला घाबरून मिश्र धाग्याचं कापड वापरलं होतं, आणि दुपारी दोनला चक्कर येऊन सावलीत पडून राहिले. यंदा लिननवर पातळ लोकर घातली आणि दिवसभर हिंडले.

त्यावर येतो कर्टल, म्हणजे चोळी आणि घागरा एकत्र जोडलेला झगा. पाच वार पांढरी लोकर आणली, तुरटीच्या पाण्यात शिजवली आणि मॅडरच्या मुळांनी रंगवली. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची बहीण. पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर लालात तपकिरी उतरते. मी तीन तास थर्मामीटर घेऊन पातेल्यापाशी उभी होते. रंग आला तो पिकलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा. चेन नाही, इलॅस्टिक नाही, बटणंही नाहीत. पुढून नाडी ओवून आवळायचं. नाडीची भोकं कात्रीने कापायची नाहीत. आरी घुसवून धागे बाजूला सारायचे आणि कडेने रेशमाने टाके घालत गोल काज करायचं. धागा तुटलेला नसतो, म्हणून कितीही ओढलं तरी काज फाटत नाही. अशी अडतीस काजं केली. पहिली दहा काढून टाकली, अकराव्यापासून हात बसला.

रफबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गळ्याभोवतीची ती चुण्यांची चकती. सहा वार लांब पट्टी, काठ हाताने दुमडून शिवलेला, आणि ती सगळी माझ्या पंधरा इंची गळ्यात बसवायची. खळ दिल्याशिवाय ती उभी राहत नाही. १५६४ साली डिंगेन नावाची एक बाई फ्लँडर्सकडून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने, लंडनला आली आणि तिने रफला खळ द्यायचे वर्ग घेतले. शिकवणीचे चार-पाच पौंड, आणि खळ शिजवायची कशी हे शिकायचे आणखी २० शिलिंग! खळ बहुतेक गव्हाची असायची. मी म्हटलं, सोलापूरच्या मुलीला खळ कोण शिकवणार? कुरडयांसाठी करतो तसाच गहू तीन दिवस भिजवला, वाटला, चीक काढला, पातळ शिजवला. त्यात पट्टी बुडवून, ओलसर असतानाच तापवलेल्या सळईवर एकेक चुणी गोल फिरवत वाळवली. स्वयंपाकघरात उन्हाळ्यातल्या गच्चीचा वास सुटला होता. आई कुरडया घालायची आणि आपण कावळे हाकलायचो, तोच वास.

आणि भरतकाम. आठ महिन्यांतले पाच त्यात गेले. इंचाला छत्तीस धागे असलेलं लिनन, काळं रेशीम, दोन्ही कफांवर आणि गळपट्टीवर वेल. रोज रात्री मुलगा झोपल्यावर दीड तास. मार्चमध्ये डावा कफ संपत आला होता आणि शेवटचं पान देठाला मिळेना. एका धाग्याचा फरक. मोजत मोजत मागे गेले तर चूक तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. नवरा म्हणाला, "एका धाग्याने काय होतंय, जोडून टाक, कुणाला दिसणार?" सुलट बाजूला खरंच दिसलं नसतं. मागे मात्र एक तिरका दोरा पडला असता. मी रात्रभर तो कफ उशीशी ठेवला, आणि सकाळी उसवायला घेतला. अकरा इंच. उसवताना रडू आलं हे तुझ्यापासून लपवत नाही. पण दुसऱ्यांदा भरताना हाताला वाट पाठ झाली होती, धागे मोजावेही लागत नव्हते. उजवा कफ निम्म्या वेळात झाला.

गेल्या शनिवारी सगळं अंगावर चढवून गेले. राणीची मिरवणूक निघाली, लोक "हझ्झा!" ओरडत होते, धूळ उडत होती. गर्दीतून ती झाडाखालची म्हातारी बाई पुढे आली. यंदा काठी घेऊन चालत होती. तिने मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. तिने माझं मनगट धरलं, कफ उलटा केला, चष्मा वर सारून आतून पाहिला, अंगठा फिरवला. मग कफ परत नीट करून दिला आणि मान हलवली. पुढची बाजू पाहिलीच नाही. चिमे, मला तिथेच हुंदका फुटला. आजी गेली तेव्हा मी इथे होते, विमान मिळालं नव्हतं. तुला सगळं माहीत आहे.

म्हणून हे आठ महिने. याहून नीट उत्तर मला सुचत नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. आई गेल्यावर तिची लाकडी पेटी तुझ्या माळ्यावर ठेवली, तिच्यात आजीची काळी चंद्रकळा आहे, पदरावर पालख्यांची रांग असलेली. ती बाहेर काढ. माझ्या मनात भीती आहे. त्या काळच्या इंग्लंडमधल्या काही टोप्या संग्रहालयांत आहेत, त्यांच्यावरचं काळं रेशीम पार झडून गेलंय, फक्त सुईची भोकं उरलीत. लोखंड घालून केलेला काळा रंग रेशमाला हळूहळू खातो. आपली चंद्रकळा कशाने रंगवली होती ते विचारायला आता कुणी नाही. तेव्हा हँगरला टांगू नकोस. सावलीत चादरीवर पसर, जुन्या घड्यांवर बोट फिरवून कुठे विरतेय का बघ, घडी वेगळ्या जागी घाल, आणि धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेव. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नकोस.

आणि पदराचे फोटो पाठव, उलट्या बाजूचे. शेजारी मोजपट्टी ठेवून. डावीकडून तिसऱ्या पालखीशी आजीने दोरा कुठून वळवला ते मला बघायचंय. पुढच्या वर्षीच्या गळपट्टीला तीच वाट घेईन म्हणते. डिसेंबरात मी येतेच आहे, पण तोवर धीर निघत नाही.

काकूंना नमस्कार सांग. तुझ्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझी,
ठकी