रबरी नळी चिमटीत धरणाऱ्या काकांना

काका,

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. तरी उघड लिहितेय, कारण घरच्या बर्नरवर नाताळच्या झाडासाठी काचेचे गोळे फुंकणाऱ्या प्रत्येकापर्यंत तुम्ही मला दिलेला तो दीड सेकंद पोहोचायला हवा. तो मागून मिळत नाही. मी बऱ्याच ठिकाणी मागितला होता, एकदा तर फी भरून.

तुम्ही केलंत ते एवढंच. काच ज्योतीतून बाहेर आली, फुंकायची रबरी नळी माझ्या ओठांत होतीच, आणि फुंकर निघणार तेवढ्यात तुम्ही हात पुढे करून ती नळी दोन बोटांच्या चिमटीत धरलीत. माझा श्वास तिथेच अडला. काच फिरत राहिली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग बोटं सोडलीत आणि गोळा चहूबाजूंनी सारखा आला.

माझं दुखणं तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. गोळा एका अंगाने कानासारखा फुगायचा, तिथे काच कागदापेक्षा पातळ व्हायची आणि समोरची बाजू जाडच राहायची. त्यावर मिळालेली उत्तरं अशी: फुंकर हळू घाल. बर्नर मोठा घे. हात बसला की जमेल. शिकवणाऱ्या एका जाणकारांनी तर तुकडे बघायचीही तसदी घेतली नाही, पुढच्या वर्गाची तारीख तेवढी सांगितली. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ही तिन्ही उत्तरं नुसती अपुरी नाहीत, चुकीची आहेत, आणि का चुकीची आहेत ते तुमच्या चिमटीनंतर कळलं.

बोरोसिलिकेट काच (प्रयोगशाळेच्या भांड्यांची, उष्णता सोसणारी काच, मी हीच वापरते) ८२५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि १२६० च्या आसपास मधासारखी होते. या सुमारे ४३५ अंशांत तिचा घट्टपणा साधारण चार हजार पटींनी बदलतो. म्हणजे गोळ्याच्या दोन बाजूंत पन्नास अंशांचा फरक असला, तरी फुंकरीला त्या दोन निराळ्या काचा वाटतात. ज्योतीत पातळ भाग आधी तापतो. ज्योतीतून काढल्या काढल्या फुंकलं की सगळी हवा त्या पातळ, जास्त तापलेल्या जागी धावते, ती जागा आणखी पातळ होते, आणि तिथे तो कानासारखा फुगवटा येतो. हळू फुंकलं तरी तेच होतं, फक्त सावकाश.

पण बाहेर काढून एक-दीड सेकंद थांबलं, की पारडं उलटं फिरतं. पातळ भागात साठलेली उष्णता कमी असते, ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र तेवढाच. म्हणून निम्म्या जाडीची जागा जवळपास दुप्पट वेगाने निवते. ती आधी आवळते, आणि मग घातलेली फुंकर जाड, अजून मऊ असलेल्या जागेकडे जाते. पातळ भाग आहे तिथेच थांबतो, जाड भाग ताणून त्याच्या बरोबरीला येतो. काच स्वतःच स्वतःची चूक दुरुस्त करते, आपण फक्त तिला तेवढा वेळ द्यायचा असतो. मोठ्या बर्नरने हे साधत नाही. उलट रुंद, जोरकस ज्योतीत पातळ जागा आणखी पुढे पळते.

हा थांबा डोळ्यांनी दिसतो, हेही तुम्हीच दाखवलंत. डिडिमियमचा चष्मा सोडियमचा पिवळा भडका गाळून टाकतो, त्यामुळे काचेची स्वतःची लाली दिसते. जिथे ती लाली आधी विझते तिथे काच पातळ. गोळा फिरत असताना विझलेला पट्टा नजरेसमोरून गेला की कुठली बाजू पातळ आहे ते फुंकायच्या आधीच कळतं. तीन सेकंद थांबलं तर उशीर झालेला असतो. मग गाल दुखेस्तोवर फुंकूनही गोळा लहान आणि जाड राहतो. आणि फुंकायचं ते गालांतल्या हवेने, छातीतल्या नव्हे. सुरुवात अगदी हलकी, काच आवळत जाईल तसा दाब वाढता, आणि आकार आल्यावर काच पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही. नळी तोंडात असताना श्वास आत ओढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण नवख्यांसाठी लिहून ठेवते. आतली हवा भाजणारी असते.

एवढ्याशा चिमटीमुळे मागचं सगळंच निराळं दिसू लागलं. थांबा छोटी चूक झाकतो, मोठी नाही. म्हणून फुंकरीच्या आधीची कामं नीट हवीत. २५ मिमी बाहेरच्या व्यासाची, २ मिमी जाडीची काचेची नळी घेतली, तर दोन मुठींमधलं ६ सेंमीचं अंग एका गोळ्याला पुरतं. मुठी म्हणजे नळी तापवून ओढलेले ६ ते ८ मिमीचे दांडे. त्या नळीच्या मध्यरेषेतच यायला हव्यात. मूठ वाकडी आली तर फिरवताना अंग डोलतं, डोलणारं अंग ज्योतीत कधी जवळ तर कधी लांब जातं, आणि एका बाजूची काच दर फेऱ्याला जास्त तापते. अशा डोलणाऱ्या अंगावर सेकंदभर थांबून काही सुधारत नाही. मूठ ओढताना नळीचा बोटभर पट्टा सगळीकडून सारखा मऊ करायचा, ज्योतीबाहेर काढायचा, क्षणभर थांबायचं (इथेही थांबायचंच!) आणि मग आधी सावकाश, नंतर थोडं जलद ओढायचं. डोलणारी मूठ पुन्हा तापवून तिथल्या तिथे सरळ करता येते. ती तशीच ठेवून पुढे जाणं हा आळस, आणि त्याची भरपाई काच वसूल करतेच.

गोळा किती मोठा निघेल हे नशिबावर सोडायचं काम नाही. त्या ६ सेंमी अंगात काच सुमारे १९ ग्रॅम असते. तिचा ६ सेंमीचा गोळा केला तर सरासरी जाडी पाऊण मिमीच्या किंचित वर येते. तेवढ्याच काचेतून ८ सेंमीचा ओढला तर ती ०.४३ मिमीवर उतरते, आणि हाताळताना बोटाच्या दाबाने जाण्याइतकी ती जोखमीची होते. मोठा हवा असेल तर अंग लांब घ्यावं, फुंकर मोठी घेऊ नये.

मग खालची मूठ जाळून काढायची. ही जागा मला सगळ्यात जास्त छळत होती, आणि तिचंही उत्तर त्या थांब्यातच निघालं. मूठ तोडल्यावर तळाशी काचेचा मणी राहतो. तो भोवतालच्या काचेपेक्षा जाड असतो, म्हणून थांबल्यावर तोच सर्वांत मऊ राहतो, आणि फुंकर नेमकी त्यालाच पुढे ढकलते. गोळ्याला खाली नाक येतं. म्हणजे थांबा न पाळणाऱ्याला कान आणि नुसता थांबा पाळणाऱ्याला नाक. त्यासाठी मण्यावर बारीक ज्योत धरून थंड काचेची कांडी टेकवायची आणि जादाची काच ओढून न्यायची. दोनदा, लागलं तर तीनदा. मग तेवढीच जागा तापवून हलकी फुंकर, पुन्हा तापवून पुन्हा फुंकर, तळ शेजाऱ्यांइतका पातळ होईपर्यंत.

तळ झाल्यावर संपूर्ण अंग तापवून थोडं आत जमू द्यायचं. २५ चा व्यास २० पर्यंत आला की जाडी २ वरून अडीच मिमीच्या वर जाते, आणि त्या जाड काचेत उष्णता सगळीकडे सारखी पसरायला वेळ मिळतो. फिरवण्याचा वेग एकदाही मोडायचा नाही. शेवटच्या फुंकरीच्या वेळी हातात एकच मूठ असते. गोळा लांबट होतोय असं वाटलं तर तळ किंचित वर उचलायचा, चपटा वाटला तर किंचित खाली. वजन आपलं काम करतं.

ज्योतीला लागणाऱ्या प्राणवायूचा प्रश्नही इथेच येतो. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या एका कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या यंत्रावर) २५ मिमीचं अख्खं अंग एकदम तापत नाही. एक खांदा, म्हणजे अंग मुठीला मिळतं ती कड, लाल होईपर्यंत दुसरा विझलेला असतो. मला सांगितलं गेलं होतं की बर्नर बदला. तुम्ही म्हणालात, नळी बदल, १९ मिमीची घे, गोळा साडेचार सेंमीचा कर, हात तोच तयार होतो. महागडं काही विकत घ्यायला न लावणारा सल्ला मला या कामात फार थोड्यांकडून मिळाला.

रंगाबद्दल थोडक्यात. बोरोसिलिकेटचा प्रसरणांक (तापल्यावर काच किती फुगते त्याचा आकडा) ३३, मण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ रंगीत कांड्यांचा १०४. या दोन काचा चिकटतात झकास, आणि निवताना एकमेकींना फाडतात, कधी लगेच, कधी चार दिवसांनी कपाटात. ३३ च्याच रंगकांड्या वापरायच्या, आणि रेघा फुंकायच्या आधी अंगात पूर्ण विरघळवून सपाट करायच्या. उभी राहिलेली रेघ म्हणजे जाड पट्टा, आणि जाड पट्ट्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

वरच्या टोकाला काचेचीच कडी केली तर ०.७ मिमीच्या गोळ्यावर ३ मिमीची कांडी जोडली जाते. तडे तिथूनच सुरू होतात. नुसता गोळा हवेत निवला तरी बहुधा तगतो, कडीवाला मात्र भट्टीत जायला हवा: ५६० अंशांवर वीस मिनिटं, आणि तिथून ५०० च्या खाली येईपर्यंत अगदी सावकाश. तुम्ही दिलेले ध्रुवीकरण फिल्मचे दोन तुकडे आता माझ्या बर्नरशेजारी असतात. एकमेकांना आडवे धरून मध्ये गोळा ठेवला की ताण असलेली जागा उजळ दिसते. कडीच्या मुळाशी उजेड दिसला की तो गोळा परत भट्टीत. भट्टी नसेल त्याने कडीचा हट्ट सोडावा, मान उघडी ठेवावी आणि पत्र्याची टोपी स्प्रिंगच्या तारेने बसवावी. त्यात कमीपणा काही नाही. जर्मनीतल्या थुरिंगियामधलं लाउशा हे या गोळ्यांचं माहेर, तिथेही टोपीच बसवत. लाउशात १८६७ साली गॅस आला, ज्योत गरम आणि हवी तशी कमी-जास्त होणारी मिळाली, आणि मग घरोघरी पातळ काचेचे मोठे गोळे फुंकता येऊ लागले. घरात बसून एकाने फुंकायचं, दुसऱ्याने आतून चांदी चढवायची, मुलांनी टोप्या लावायच्या. ती माणसं काचेसाठी किती सेकंद थांबत असतील, हे कुठे लिहून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. ते शेजारी बसूनच पुढच्या हाताला मिळत असणार.

तसं ते मला तुमच्याकडून मिळालं. तुम्ही आयुष्यभर प्रयोगशाळांसाठी कंडेन्सर आणि फ्लास्क फुंकलेत. झाडावर टांगायच्या गोळ्यांकडे तुम्ही खेळ म्हणून पाहिलं असतंत तरी कुणी तुम्हाला दोष दिला नसता. तुम्ही आधी माझे फुटलेले तुकडे मागितलेत, बोटांत धरून त्यांच्या कडा पाहिल्यात, जाड कुठे, पातळ कुठे. मग चार गोळे मला फुंकू दिलेत आणि नुसते पाहत राहिलात. पाचव्याला नळी चिमटीत धरलीत.

काच माझ्या हातातून काढून घेतली नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आठवतं. ज्याला येतं तो माणूस न येणाऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घेतो आणि स्वतः करून दाखवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की शिकवणं म्हणजे तेच असं वाटू लागलं होतं. करून दाखवलेला गोळा सुंदर असतो, आणि तो सेकंद त्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही काच माझ्याच हातात ठेवलीत, श्वासही माझाच ठेवलात, फक्त तो चुकीच्या वेळी जाऊ दिला नाहीत. गोळा माझाच झाला. अशी सभ्यता दुर्मिळ आहे. तुम्हाला ती साधी वाटत असेल, पण जिला ती मिळाली तिला विचारा.

आता एक अडलंय, आणि ते पत्र लिहायचं दुसरं कारण. गोळे जमतात. लांबट थेंब जमत नाही. तळ खाली करून वजनाने लांबवला की मानेशी काच पातळ होते, थांब्यात ती आधी विझते, आणि पोटातली फुंकर तिथून पुढे सारखी पसरत नाही. खांदा आधी जाड जमवून ठेवावा की ओढल्यानंतर मानेला वेगळी ज्योत द्यावी, हे दोन्ही करून पाहिलं. दोन्ही वेळचे तुकडे डब्यात ठेवलेत, चिठ्ठ्या लावून.

याल तेव्हा बघाल का? रबरी नळी मुद्दाम थोडी लांब घेतली आहे, तुमचा हात पोहोचेल इतकी.

तुमची,
चिमटीतून शिकलेली विद्यार्थिनी