विणकामाच्या नमुन्यांतील चुका दुरुस्त करून छापा

महोदय,

थंडीच्या तोंडावर पुरवण्यांमध्ये येणाऱ्या स्वेटरच्या नमुन्यांत आकडे वारंवार चुकतात. समजा, असे छापले: ‘८४ टाके घाला, दोन्ही काठांना २-२ सुलट, मध्ये २ सुलट, धागा पुढे, दोनाचा एक, ३ सुलट.’ मधली, ओळभर पुन्हापुन्हा येणारी ही जाळी (नक्षीचा एक भाग) ७ टाक्यांची; तिच्यात ‘धागा पुढे’ने एक टाका वाढतो आणि ‘दोनाचा एक’ने एक कमी होतो. काठाचे ४ वजा केल्यावर उरलेल्या ८० ला ७ ने भाग जात नाही; हवेत ८१ किंवा ८८. ८८ घेतले तर १२ जाळ्या बसतात. छपाईत ‘धागा पुढे’ गळले तर प्रत्येक जाळीत एक टाका घटून एकाच ओळीत ८८ चे ७६ होतात आणि विणणारी बिचारी आपलाच टाका सुटला समजून उसवत बसते. उसवलेली लोकर पिंजारते, हे नुकसान वेगळेच.

सुईचा नंबर तर फारच फसवा. आपल्याकडची १० नंबरची सुई ३.२५ मिमी, अमेरिकी १० नंबरची ६ मिमी! मिलिमीटर छापायलाच हवेत.

विणणाऱ्यांनी आधी ओळीओळीचे टाके कागदावर मांडावेत, मग १८ टाक्यांवर दोन जाळ्या विणून पाहाव्यात. वाचकांनी कळवलेली दुरुस्ती संपादकांनी पुढच्याच अंकात, मूळ तारीख आणि ओळ क्रमांकासह द्यावी. म्हणजे जपलेल्या कात्रणावर ती चिकटवता येईल.

– विणकाम करणाऱ्या काही वाचक, नौपाडा, ठाणे