कपाटातल्या टेलरसाहेबांसाठी एक आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चची व्हेस्ट्री, म्हणजे झगे आणि दप्तर ठेवायची खोली, गळली. कौलं फुटली आहेत हे आम्हाला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. कमिटीच्या प्रत्येक बैठकीत विषय निघायचा आणि पुढच्या बैठकीवर ढकलला जायचा, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्याची सोय नाही. पाणी बरोबर जुन्या लाकडी कपाटावर पडलं. कपाटात अकरा रजिस्टरं होती: बाप्तिस्म्याची, लग्नाची, पुरण्याची. चार दिवस आम्ही ती टेबल फॅनसमोर उघडी ठेवून, पानापानात टिपकागद घालून वाळवली. शाई जिथं तपकिरी होऊन कागदात मुरली होती तिथं अक्षर टिकलं, नंतरच्या निळ्या शाईचा मात्र ढग झाला. एका पानावर बापाच्या धंद्याच्या रकान्यात एकाखाली एक ‘रेल्वे गार्ड’, ‘फिटर’, पुन्हा ‘फिटर’, ‘तारमास्तर’ असं लिहिलेलं स्पष्ट दिसतं. मुलांची नावं मात्र कसरीनं खाल्ली आहेत.

त्याच कपाटाच्या तळाशी पुठ्ठा निघालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. विल्यम टेलर या अमेरिकन मेथॉडिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) उपदेशकाचं १८९५ साली छापलेलं आत्मचरित्र. संडे स्कूलच्या बाईंनी ते घरी नेलं आणि दर रविवारी मुलांना त्यातला एकेक प्रसंग मराठीत सांगायला लागल्या. मुलं तर ऐकतच, पण महिन्याभरात मागच्या बाकांवर आईबापही बसायला लागले. बाईंनी सांगितलेलं दोघा तरुणांनी लिहून काढलं आणि आता त्याची सव्वाशे पानांची वही झाली आहे. ती वही छापायची आणि अकरा रजिस्टरं वाचवायची, या दोन कामांसाठी हे आवाहन आहे.

आधी माणसाबद्दल सांगतो, पैशांचं नंतर. हा क्रम त्यांनाही आवडला असता असं वाटतं.

टेलर यांचा जन्म २ मे १८२१ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या रॉकब्रिज काउंटीतला, म्हणजे डोंगराळ मुलखातला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. विशीत असताना, १८४१ मध्ये, पँथर गॅप इथल्या रानातल्या कॅम्प मीटिंगमध्ये, म्हणजे उघड्यावर भरणाऱ्या धर्मसभेत, त्यांचं मन पालटलं आणि १८४३ मध्ये ते मेथॉडिस्टांच्या बाल्टिमोर कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्या भागातल्या उपदेशकांच्या संघात, दाखल झाले. तेव्हाच्या मेथॉडिस्ट उपदेशकाला एक चर्च आणि एक बंगला असा थाट नव्हता. त्याच्या वाट्याला सर्किट यायचं: घोडा, खोगिराच्या पिशवीत बायबल आणि गीतांचं पुस्तक, आणि डोंगरातून पसरलेल्या वाड्यावस्त्यांचा फेरा. आपल्याकडे एकाच पाळकसाहेबांकडे चार-चार गावं असतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कल्पना चटकन येईल. फरक एवढाच की आमच्या साहेबांकडे मोटरसायकल आहे, आणि तीही पावसाळ्यात चिखलात रुततेच.

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जग तिकडं धावलं. मेथॉडिस्टांचे बिशप वॉ यांनी टेलर यांना तिथं जायला सांगितलं. १८४९ च्या एप्रिलमध्ये ‘अँडालुशिया’ जहाजानं बाल्टिमोर सोडलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून ते सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. पत्नी अ‍ॅन तेव्हा गरोदर होत्या. जहाजावरच मुलगी झाली आणि समुद्रावर जन्मली म्हणून तिचं नाव ओशियाना ठेवलं. ती लहानपणीच गेली.

शहर म्हणजे तंबू, चिखल आणि जुगाराचे अड्डे. लाकडाचे भाव असे की पाळकाला भाड्याची खोलीसुद्धा परवडेना. तेव्हा टेलर कुऱ्हाड घेऊन खाडीपलीकडच्या रेडवुडच्या रानात गेले, स्वतः झाडं पाडली, फळ्या-वासे काढले, छपराच्या पट्ट्या तासल्या, सगळं इकडं आणलं आणि घर उभं केलं. आमच्या कमिटीतल्या एका सुतारकाकांना हा भाग फार आवडतो. पुस्तकात त्यांनी पेन्सिलीनं खूण केली आहे आणि ‘कुणाकडून वर्गणी मागितल्याचं दिसत नाही’ असा टोमणाही मारला आहे.

डिसेंबर १८४९ मधल्या एका रविवारी दुपारी टेलर पोर्ट्स्मथ चौकात गेले. चारी बाजूंनी जुगारखाने, आणि तिथला सगळ्यात गजबजलेला वार म्हणजे रविवारच. आत खेळ रंगलेला होता. त्यांनी एका सुताराच्या बाकावर चढून खणखणीत आवाजात गीत सुरू केलं. उंचापुरा, दाढीवाला माणूस, आणि आवाज असा की तंबूत झोपलेला माणूसही उठून बसावा. लोक पत्ते टाकून बाहेर आले. त्यांनी वचन निवडलं ते नेमकं: मनुष्यानं सगळं जग मिळवलं आणि स्वतःचा जीव गमावला तर त्याला काय लाभ? सोन्यासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांपुढं हे बोलायला छाती लागते. त्यांनी सुरुवात मात्र दमदाटीनं केली नाही. पूर्वेकडचे लोक म्हणतील की इथं प्रवचन दिलं तर दंगा होईल, पण इथं उभा असलेला माणूस तसा नाही हे आपल्याला ठाऊक आहे, अशा अर्थाचं बोलून त्यांनी गर्दीला आधी आपल्या बाजूला घेतलं. दंगा झाला नाही. पुढं सात वर्षं ते रस्त्यावर, धक्क्यावर, कधी व्हिस्कीच्या पिंपावर उभं राहून बोलत राहिले. उरलेल्या वेळात ते इस्पितळात जात, कारण सोनं शोधायला आलेली पुष्कळ पोरं तिथं तापानं आणि हगवणीनं, घरापासून हजारो मैल लांब, मरत पडलेली असत.

खलाशांसाठी त्यांनी बेथेल, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, उभारलं, त्याला जोडून इमारती काढल्या. मग आग लागली, बाजार कोसळला आणि कर्ज त्यांच्या डोक्यावर आलं. १८५६ मध्ये ते कॅलिफोर्नियातून निघाले ते पुस्तकं लिहून, विकून देणी फेडायला. पुढच्या आयुष्यात घरखर्चही बराचसा या पुस्तकांवरच चालला. देणगीचं पाकीट फिरवणाऱ्या आम्हा कमिटीवाल्यांना हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं.

संडे स्कूलमधल्या एका सातवीतल्या मुलीनं मध्येच हात वर करून विचारलं, ‘मग घरी मुलांचं कोण बघत होतं?’ बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी सांगते. घरी जाऊन त्यांनी पुस्तक पुन्हा चाळलं. उत्तर आहे, पण ते शोधावं लागतं. टेलर कॅनडात, इंग्लंडात, पॅलेस्टाइनमध्ये, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, वेस्ट इंडीजमध्ये फिरत होते, तेव्हा कॅलिफोर्नियात अलामेडाला अ‍ॅन घर, जमीन आणि मुलगे सांभाळत होत्या. ऑस्ट्रेलियातून टेलर यांनी निलगिरीचं बी घरी पाठवलं ते अ‍ॅननी लावलं. कॅलिफोर्नियातली निलगिरी आपल्याच बियाण्यातून पसरली असं टेलर लिहून गेले आहेत. अभ्यासक म्हणतात की त्याआधीही ती तिथं आली होती, तेव्हा हे श्रेय आम्ही त्यांना अर्धंच देतो. उरलेलं अर्धं पाणी घालणारीचं. एकदा अ‍ॅन मुलांना घेऊन सिडनीपर्यंत गेल्या. तिथं थोरला स्टुअर्ट तापानं आजारी पडला, डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला, म्हणून सगळे केप टाउनला गेले, आणि त्यातून टेलर यांचं आफ्रिकेतलं पहिलं मोठं काम उभं राहिलं. तिथं चार्ल्स पामला या आफ्रिकन उपदेशकानं त्यांचं बोलणं लोकांच्या खोसा भाषेत नेलं. पुढं मुलांपैकी एडवर्ड अलामेडाचा महापौर झाला. घराण्याचा कर्ता पुरुष म्हणून टेलर यांचा फोटो सगळीकडं छापला जातो. आमच्या पुस्तिकेत अ‍ॅन यांचं प्रकरण वेगळं असेल आणि ते सगळ्यात लांब असेल. हे त्या सातवीतल्या मुलीनं ठरवलंय, कमिटीनं फक्त मान डोलावली.

आता आपल्याशी असलेला संबंध. इथले मेथॉडिस्ट मिशनरी जेम्स थोबर्न यांच्या बोलावण्यावरून १८७० च्या अखेरीस टेलर हिंदुस्थानात लखनौला आले आणि १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईत. मुंबईत जॉर्ज बोवेन होते. १८४८ पासून इथं राहिलेले, मिशनचा पगार सोडून देऊन बाजारात साधेपणानं राहणारे, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवणारे गृहस्थ. कुलाब्याच्या चर्चला आजही त्यांचं नाव आहे. टेलर यांच्या सभांतून घराघरांत छोटे गट जमू लागले आणि १८७२ च्या फेब्रुवारीत त्या लोकांनी आपली स्वतंत्र मंडळी, म्हणजे चर्च, असावी म्हणून अर्ज केला. पुढं टेलर पुण्याकडंही आले. त्यांच्या मंडळ्यांत रेल्वेतली, तारखात्यातली, कारखान्यातली अँग्लो-इंडियन माणसं फार होती. आमच्या रजिस्टरातले ते ‘फिटर’ आणि ‘गार्ड’ नंतरच्या काळातले आहेत, पण माणसं त्याच जातकुळीतली. आमची मंडळी टेलरसाहेबांनी स्थापलेली नाही, हेही इथंच सांगून टाकतो. लोक उगाच फलक लावतात, आम्ही लावणार नाही.

टेलर यांचा एक हट्ट होता. अमेरिकेतल्या मिशन सोसायटीचा पैसा घ्यायचा नाही, मंडळीनं आपला पाळक आपल्या खिशातून पोसायचा. सोसायटीशी त्यांचे यावरून खटके उडाले. १८८४ मध्ये त्यांना आफ्रिकेचे मिशनरी बिशप केलं, तिथंही त्यांनी हाच प्रयोग केला. १८८५ मध्ये बायकामुलांसह माणसं अंगोलात नेली आणि त्यातली काही तापानं मेली. पुस्तिकेत हे झाकलेलं नाही. त्या काळच्या गोऱ्या मिशनऱ्याची नजर त्यांच्याकडंही होती, तेही लिहिलंय. ते १८ मे १९०२ रोजी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला वारले.

तर आता पैशांचं. रजिस्टरांची दुरुस्ती आणि स्कॅनिंग ७२,००० रुपये, लोखंडी कपाट आणि आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची खोकी ३८,००० रुपये, पुस्तिकेच्या पाचशे प्रतींची छपाई ५५,००० रुपये. एकूण १,६५,००० रुपये. मंडळीतून आतापर्यंत ४१,३५० रुपये जमले आहेत. त्यात उपकारस्तुतीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव आला. या वर्षी एक भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो पुन्हा टेबलावर ठेवत होता. शेवटी १,१०० रुपयांना गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं भरीत सगळ्यांनी खाल्लं. १,२३,६५० रुपये अजून हवे आहेत. कौलांचा खर्च यात धरलेला नाही. तो कमिटीच्या सभासदांनी स्वतः केला, करायलाच हवा होता.

परदेशातल्या मराठी बंधुभगिनींनी कृपया हे नीट वाचावं. आमच्याकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी, नाही. त्यामुळे ज्यांच्याकडं परदेशी नागरिकत्व आहे त्यांच्याकडून आम्ही एक रुपयाही घेऊ शकत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या बँक खात्यातून दिलेलं चालतं. टेलरसाहेब असते तर म्हणाले असते, बरंच झालं. ८०जी ची करसवलतही आमच्याकडं नाही. पावती प्रत्येकाला मिळेल, पन्नास रुपयांचीसुद्धा.

आणि पैशांपेक्षा दुसरी मदत जास्त हवी आहे. मोडी किंवा जुनं वळणदार इंग्रजी हस्ताक्षर वाचता येणारी दोन-तीन माणसं हवीत. पुस्तिकेचं शुद्धलेखन तपासणारं कुणी हवं, आम्हाला ऱ्हस्व-दीर्घ मुळीच जमत नाही. ज्यांचे आजोबा-पणजोबा रेल्वेत होते, ज्यांच्या घरी जुनं कौटुंबिक बायबल, लग्नाचा दाखला किंवा चर्चसमोर काढलेला फोटो आहे, त्यांनी तो एका रविवारपुरता आणावा. आम्ही तुमच्यासमोर फोटो काढून मूळ कागद तिथंच परत देऊ. कसरीनं खाल्लेल्या नावांपैकी काही कदाचित तुमच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली असतील. त्यासाठी तुम्ही आमच्या मंडळीचे, किंवा ख्रिस्तीच, असायला हवं असं नाही.

शनिवारी दुपारी तीन ते सहा आणि रविवारी उपासनेनंतर व्हेस्ट्री उघडी असते. यायच्या आधी हात धुऊन, वाळवून या. हातरुमाल आम्ही ठेवतो, पण गेल्या शनिवारी सहा जण आले आणि रुमाल दोनच होते.

ख्रिस्तात आपले,
वाचनालय व जुने दप्तर समिती