एक जेवण तरी मोकळं ठेवा

संपादक महोदय,

नुकतीच सिंगापूरची सहल करून आले. सहल कंपनीने रोजचं जेवण एकाच उपाहारगृहात ठरवलेलं. तिसऱ्या दिवशी मी गट सोडून मॅक्सवेल फूड सेंटर हे हॉकर सेंटर, म्हणजे एकाच छपराखाली खाद्यपदार्थांचे अनेक छोटे गाळे असलेली जागा, गाठलं आणि हैनानी चिकन राइस मागवला. कोंबडीच्या पाण्यात आलं-लसूण घालून शिजवलेला चकचकीत भात, त्यावर मऊसूत मांसाचे काप, काकडी आणि झणझणीत, आंबटसर मिरचीची चटणी. तो नुसता भातही मी आवडीने संपवला असता! नंतर कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची, साखर घातलेली दाट कॉफी.

रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट दिसलं, की ती जागा कुणीतरी धरलेली असते. त्याला कुणी हात लावत नाही. खाऊन झाल्यावर ट्रे कुठे ठेवायचा, ते शेजारच्या आजींनी खुणेनेच दाखवलं. २०२१पासून तिथे ट्रे परत नेऊन ठेवणं सक्तीचं आहे.

या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२०मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र तिचा उल्लेखही नव्हता. सहल कंपन्यांनी दिवसातलं एक जेवण तरी प्रवाशांवर सोडावं, ही कळकळीची विनंती.

– एक प्रवासी वाचक