करवत कुठली ते सांगितलंत, धुळीचं काय?

संपादक साहेब,

नमस्कार. रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकूडकामाचा छंद कसा सुरू करायचा यावर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला. करवत कुठली घ्यायची, राऊटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) कुठला, क्लॅम्प किती लागतात सगळं नीट दिलंय, पण धुळीबद्दल काय, तर शेवटी मास्क लावा एवढंच. मी गेली सात वर्षं घरातल्या एका छोट्या खोलीत हेच काम करतोय आणि धुळीच्या बाबतीत ज्या चुका केल्या त्यात पैसे गेले ते गेलेच, पण त्या खोलीचं दार घरात उघडतं आणि त्या काळात घरातल्यांनी काय काय श्वासातून घेतलं असेल ते आठवलं की आजही वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय, नवीन सुरुवात करणाऱ्या एकाला जरी उपयोग झाला तरी पुरे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी की जमिनीवर पडलेला भुसा हा खरा त्रास नाहीच, तो झाडून निघतो. त्रास आहे तो न दिसणाऱ्या भुकटीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि १० मायक्रॉनच्या खालची धूळ नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, ती हवेत तासन् तास तरंगत राहते आणि नाकाच्या पुढे आत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत, मुख्यतः नाक आणि सायनसचा. आता हे निष्कर्ष जास्त करून फर्निचरच्या कामात वर्षानुवर्षं घालवलेल्या लोकांवरून निघाले, सुट्टीच्या दिवशी दोन तास काम करणाऱ्याला तेवढाच धोका आहे असं मी म्हणत नाही. पण दमा, सततची सर्दी, सागवान किंवा शिसवीच्या धुळीनं अंगाला येणारी खाज, याला वर्षानुवर्षं लागत नाहीत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदानं दाबून केलेला बोर्ड, कापत असाल तर त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो हेही लक्षात असू द्या.

आता माझी पहिली चूक. मी घरातला वेट-ड्राय (ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारा) व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि रंधा मशीनला जोडला, कारण तो ओढतो किती जोरात ते हात लावून बघितलं होतं. दहा मिनिटांत पाईप ढलप्यांनी गच्च. झालं काय होतं तर व्हॅक्यूमचा जोर जास्त असतो पण तो हवा थोडी नेतो, आणि डस्ट कलेक्टर म्हणून भुसा ओढून पिशवीत जमा करणारं जे मशीन मिळतं त्याचं बरोबर उलट, जोर कमी पण हवा भरपूर. म्हणून सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं मशीन), राऊटर, हातातली सर्क्युलर सॉ अशी लहान तोंडाची हत्यारं व्हॅक्यूमला जोडायची, आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), रंधा, बँड सॉ (पट्ट्याची करवत) अशी मोठी मशीनं कलेक्टरला. एकाच मशीनकडून दोन्ही कामं करून घ्यायची धडपड मी दोन वर्षं केली, होत नाही.

मग कलेक्टर आणला आणि दुसरी चूक केली, खोक्यावरचा आकडा खरा मानला. किती सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो, ते छापलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा पाईप न जोडता, फिल्टर न लावता मोजलेला असतो. पाईप, वळणं, धुळीनं भरलेली पिशवी हे सगळं जोडलं की प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास उरतो. टेबल सॉला साधारण ३५० आणि रंध्याला ४०० च्या वर लागतं असं सांगतात, पण ते भुसा उचलण्यापुरतं, बारीक धूळसुद्धा पकडायची तर त्याच्या दुपटीच्या पुढे जावं लागतं असं या कामातले जाणकार म्हणतात. म्हणून खोक्यावरचा आकडा निम्मा करूनच हिशोब करा.

पाईपचंही तसंच. माझ्याकडे अडीच इंची पाईप पडून होता, म्हटलं ॲडॉप्टर लावून भागवू. ४ इंची पाईपचं तोंड अडीच इंचीपेक्षा अडीच पटीहून जास्त मोठं असतं, म्हणजे मी कलेक्टरचा गळा आवळून त्याला पळायला सांगत होतो. पाईप शक्यतो ४ इंची, गुळगुळीत आणि आखूड ठेवा, वळणं कमी करा, आणि तो वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप फक्त शेवटी मशीनला जोडण्यापुरता, कारण त्या वळ्यांत हवा खूप अडखळते. खोली छोटी असेल तर सगळीकडे पाईप फिरवण्यापेक्षा कलेक्टर चाकांवर ठेवून एका वेळी एकाच मशीनला जोडा, मी शेवटी तेच करतो आणि उत्तम चालतं.

पण सगळ्यात मोठी चूक फिल्टरची होती आणि ती मला वर्षभर कळलीसुद्धा नाही. कलेक्टरबरोबर आलेली कापडी पिशवी ३० मायक्रॉनची होती. म्हणजे जी धूळ फुप्फुसापर्यंत जाते ती बरीचशी पिशवीतून आरपार बाहेर, आणि मोटरच्या जोरानं खोलीभर! भुसा पिशवीत, जमीन स्वच्छ, मी खूश, आणि हवा मात्र आधीपेक्षा वाईट. एका रात्री लाईट गेली म्हणून टॉर्च लावला, काम थांबवून अर्धा तास झालेला, तरी टॉर्चच्या झोतात धुकं पसरल्यासारखं दिसत होतं. तेव्हा ट्यूब पेटली. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, अंधार करा आणि टॉर्चनं बघा. १ मायक्रॉनपर्यंतचा घड्यांचा कॅनिस्टर फिल्टर घ्या, व्हॅक्यूमला हेपा बसवा, हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. जास्त हॉर्सपॉवरवर पैसे घालण्याआधी फिल्टरवर घाला, हे मी कितीही वेळा सांगेन. हवामान परवानगी देत असेल आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नसेल तर कलेक्टरची हवा सरळ बाहेर सोडणं त्याहून चांगलं, पण तेवढीच हवा आत यायला जागा ठेवा, आणि घरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो हे विसरू नका.

फिल्टरच्या आधी सायक्लोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं भांडं, लावला तर फार सुख लागतं. हवा शंकूत गोल फिरते, जड भुसा खाली बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर बुजत नाही, ओढ टिकते. बादली मात्र जाड घ्या, व्हॅक्यूमला लावलेली पातळ प्लॅस्टिकची बादली पाईप तुंबल्याबरोबर आत चपटी होते, माझी झाली.

अजून दोन-तीन गोष्टी पटकन. सँडरला घासकागदाच्या डिस्कवरची भोकं पॅडच्या भोकांवर नीट बसवा, नाहीतर व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी धूळ बाहेरच. मायटर सॉची (कोनात आडवे काप घेणाऱ्या करवतीची) धूळ मागे आणि बाजूला इतकी उडते की नुसत्या तिच्या पाईपनं भागत नाही, मागे पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा खोका करून त्याला कलेक्टर जोडला की बराच फरक पडतो. छताला टांगायचा एअर क्लीनर चांगला आहे पण तो उरलेली धूळ गोळा करतो, तुमच्या नाकापर्यंत आलेली थांबवत नाही, म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्या. कॉम्प्रेसरनं फुंकर मारून साफसफाई करू नका. आणि लोखंड घासलेल्या ग्राइंडरला तोच कलेक्टर कधीच जोडू नका, एक ठिणगी भुशात पडली तर तासाभरानं पेटते, तेव्हा तुम्ही जेवायला गेलेले असता.

मास्क हवाच, एन-९५ किंवा चांगला रेस्पिरेटर, दाढी असेल तर तो नीट बसत नाही. मशीन बंद केलं म्हणून लगेच काढू नका, धूळ हवेत असतेच. आणि बादली किंवा पिशवी रिकामी करताना तर नक्की लावा, कारण गोळा केलेली सगळी बारीक भुकटी त्या एका मिनिटात तोंडावर येते. मी ती खोलीच्या बाहेर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून रिकामी करतो.

पुढच्या लेखात हत्यारांच्या यादीत फिल्टर करवतीच्या आधी लिहावा, एवढी विनंती.

आपला,
सुतारकामाची आवड असलेला एक वाचक