तारीख मिळाली म्हणजे सुटलीस असं नाही

कोथरूड, पुणे

प्रिय अंजू,

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दलचा तुझा मेसेज वाचला. "तारीख मिळाली, एकदाची सुटले!" फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं बरं" म्हणत विषय बदलतेस, म्हणून पत्र.

ऑपरेशन करू नकोस असं मी कशी म्हणेन? मीही स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन, करून घेतलंय, शुगरच्या गोळ्या त्यानंतरच सुटल्या. (आमच्या जाऊबाई अजून "शॉर्टकट मारलास" म्हणतात. म्हणू देत.) त्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः तिथंच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकच मरते. तेव्हा वाटतं, आपल्याला केवढा संयम आला! संयम कसला, हार्मोनची कृपा. पुढे भूक हळूहळू परतते.

आधी समुपदेशक बाईंनी एक प्रश्नावली भरून घेतली होती. अमेरिकेत वॉलस्टन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये तयार केलेली. सगळा रोख एकाच गोष्टीवर: तुमची तब्येत कुणाच्या हातात? तुमच्या, डॉक्टरांसारख्या दुसऱ्या कुणाच्या, की नशिबाच्या? तू आजवर "आमच्या घराण्यातच जाडी आहे" म्हणत आलीस, आता "डॉक्टर बघून घेतील" म्हणतेयस. नशिबाकडून काढून डॉक्टरांकडे सोपवलंस, स्वतःकडे काहीच ठेवलं नाहीस.

म्हणजे सगळं स्वतःवर घे, असंही नाही हं. माझ्याच सुमारास ऑपरेशन झालेल्या एक काकू तशा होत्या. वजन थोडं वाढलं की "माझंच चुकलं" म्हणत तपासणीला जायच्याच बंद झाल्या. खरं तर वजन थोडं परत चढणं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, आणि डॉक्टरांची गरज तेव्हाच जास्त असते.

रोजचं सांगते. अर्धी वाटी मऊ खिचडी, चहाच्या चमच्याने, वीस मिनिटं. पाणी अर्ध्या तासाने. दोन घास जास्त झाले की छातीत दगड बसल्यासारखं होतं. पण मस्तानी? सुर्रकन उतरते, कुठे अडत नाही. लहान झालेलं पोट पोळी अडवतं, मस्तानी नाही. तिथे सर्जन काय करणार?

बी-12, लोह, कॅल्शियम कायमचं घ्यायचंय, हे विचारलंस का? आणि समुपदेशनाला "फॉर्मॅलिटी" म्हणून टाळू नकोस. भाऊजींनाही बरोबर ने, आग्रह करकरून वाढणारे तेच आहेत.

ॲडमिट कधी व्हायचंय ते कळव, मी दोन दिवस राहायला येते.

तुझी,
सुमा