हल्ल्यात पैसे किती गेले विचारता, काम किती दिवस थांबलं तेही विचारा

मा. संपादक, नमस्कार.

सायबर हल्ल्याची बातमी आली की पहिला प्रश्न असतो चोरांनी किती नेले. कॉसमॉस बँकेवर 2018 मध्ये हल्ला झाला तेव्हा 94 कोटी हा आकडा घरोघरी पोचला, आणि ते बरोबरच होतं कारण तिथे पैसेच गेले होते. पण कारखानदारीत खरं नुकसान काम बंद पडण्याचं असतं आणि ते आपल्याकडे कुणी धड मोजतच नाही.

टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचंच बघा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये हल्ल्यानंतर ब्रिटनमधले प्लांट महिनाभराहून जास्त बंद होते. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने हिशोब मांडला, सुमारे 190 कोटी पौंडांचा फटका आणि झळ बसलेल्या संस्था 5,000 च्या वर, म्हणजे सप्लायर, डीलर सगळे धरून. असा हिशोब आपल्याकडे का होत नाही?

मी भोसरीत पार्टस् बनवणाऱ्या छोट्या युनिटचे अकाउंट्स बघतो म्हणून सांगतो, मोठ्या कंपनीची सिस्टीम बंद पडली की आमच्याकडे कुठला माल कधी पाठवायचा याचं शेड्यूल येत नाही, तयार माल पडून राहतो, बिल निघत नाही, पण कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता आणि आधीच्या बिलांवरचा जीएसटी हे काही थांबत नाही ना. त्यात पेमेंट 45-60 दिवसांनी येतं, म्हणजे खरा खड्डा दोन महिन्यांनी पडतो, तोवर कंपनी सुरू झालेली असते, बातमी विरलेली असते आणि आमचा माणूस ओव्हरड्राफ्टसाठी बँकेत बसलेला असतो.

न्हावा शेवालाही जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. मर्स्कने स्वतःचं नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर सांगितलं. ट्रेलरवाले, क्लिअरिंग एजंट, ज्यांचा माल अडकला ते एक्सपोर्टर, त्यांचं किती गेलं हे त्या आकड्यात कुठून येणार!

2022 पासून सायबर हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचा नियम आहे, चांगलंच आहे, पण त्यात माहिती जाते सरकारकडे, सप्लायरला कोण सांगणार? मोठ्या कंपन्यांनी त्याच दिवशी व्हेंडरला लेखी कळवायला हवं, आणि सिस्टीम बंद असताना माल कागदावर कसा घ्यायचा, जुनी बिलं कशी चुकती करायची हे करारातच लिहायला हवं. आणि हल्ला झाला की उद्योजक संघटनांनी प्रत्येक युनिटकडून एक साधा फॉर्म भरून घ्यावा, काम किती दिवस थांबलं, कुठली बिलं अडकली, किती कामगारांना घरी बसवावं लागलं.

तुमच्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी कंपनीच्या प्रवक्त्याबरोबर दोन-चार सप्लायरना फोन करावा आणि दोन महिन्यांनी परत एकदा करावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, भोसरी